आर्मीत जागा रिकाम्या, मग अग्निवीर चार वर्षांनी घरी का? धाकट्या भावाला पाठवायच्या आधी हे वाचा

लातूर जिल्ह्यातल्या एका भावानं विचारलंय. धाकटा भाऊ बारावी सायन्स झालाय, वय एकोणीस, रोज पहाटे पळायलाय, घरी तीन एकर कोरडवाहू. बातम्यात ऐकतो की आर्मीत लाखाच्या वर जागा रिकाम्या आहेत आणि दुसरीकडं अग्निवीरला चार वर्षांनी घरी पाठवतात, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? शेवटी अकरा-बारा लाख मिळतात म्हणतात ते खरं का? आणि त्याला आर्मीत पाठवावं का पोलिस भरतीच्या मागं लावावं?

भाऊ, मी इन्फंट्रीत होतो, सेंटरवर उस्ताद म्हणून रंगरूट घडवले, काही काळ भरतीच्या कामावर होतो, सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो आणि आता आमच्या तालुक्यातल्या पोरांचं ग्राउंड घेतो. त्यामुळं दोन्ही बाजूनं बघितलेलं आहे, गेटच्या बाहेर उभी असलेली पोरं पण आणि आत माणूस कमी पडला की काय होतं ते पण. उत्तर लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण घरातला एक माणूस द्यायचा निर्णय आहे हा.

आधी टंचाईचं बोलू, कारण लोक लई गैरसमज करून घ्यायलेत. कोरोनामुळं २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी दोन वर्षं आर्मीची भरतीच झाली नाही. दरवर्षी साधारण साठ हजार जवान पेन्शनवर जातात, ते तर जातच राहिले. म्हणजे दोन वर्षं बाहेर जायचा दरवाजा उघडा आणि आत यायचा बंद. मग १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली, म्हणजे जवान अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घ्यायचा आणि त्यातले पंचवीस टक्केच पुढं ठेवायचे, आणि पहिल्या वर्षी तिन्ही दलं मिळून ४६,००० जागा काढल्या, त्यात आर्मीच्या ४०,०००. जाणारे साठ हजार आणि येणारे चाळीस हजार, तर खड्डा भरणार कसा, तो वाढणारच. २०२३ मध्ये सरकारनं संसदेत सांगितलं की तिन्ही दलांत मिळून सुमारे १.५५ लाख माणसं कमी आहेत आणि त्यातली सुमारे १.३६ लाख एकट्या आर्मीत. बातमीतला आकडा तो हाच.

आता हे नीट समजून घ्या, ही टंचाई पोरं मिळत नाहीत म्हणून झालेली नाही. अमेरिकेत खरोखर पोरं मिळत नव्हती, २०२२ च्या त्यांच्या आर्थिक वर्षात आर्मीचं टार्गेट ६०,००० होतं आणि साधारण १५,००० कमी पडले, म्हणून त्यांनी भरती होणाऱ्याला पन्नास हजार डॉलरपर्यंत बोनस ठेवला आणि ज्या पोरांचं वजन जास्त आहे किंवा लेखी निघत नाही त्यांच्यासाठी फोर्ट जॅक्सनला आधी तयारी करून घ्यायचा कोर्स काढला. आपल्याकडं तसं काहीच नाही. आपल्याकडं परळी, उदगीर, गंगाखेड, कळंब, कुठल्याही रोडला पहाटे साडेचारला जाऊन बघा, अंधारात पोरांच्या रांगा पळायलेत. भरती करायला माणूस आपल्याकडं भरपूर आहे. कमी पडतो तो घडवलेला माणूस, आणि घडवलेला माणूस टिकवायचा कसा हा खरा प्रश्न आहे, त्यावर बोललं पाहिजे आणि लोक नुसत्या जागांचे आकडे मोजत बसतात.

घडवलेला माणूस कमी पडला की काय होतं ते एका गार्डवरून सांगतो, हे बाहेरच्याला दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. एका संतरी पोस्टला तीन माणसं लागतात. दोन तास ड्युटी, चार तास आराम, असं चोवीस तास फिरतं. त्या चार तासात तो जेवतो, झोपतो, रायफल साफ करतो, कपडे धुतो, घरी फोन करतो. आता तिघातला एक सुट्टीवर गेला, एक जण कोर्सला गेला, आणि बदली माणूस कंपनीत नाहीच, कारण कंपनीच आधीपासून कमी आहे. मग दुसऱ्या पोस्टचा एक ओढून इकडं आणायचा आणि दोन तास ड्युटी दोन तास आराम सुरू. दोन तासात बूट काढून अंग टाकेपर्यंत परत उठायची वेळ होते. एक-दोन रात्री चालतं, पण आठवडाभर असं चाललं की चांगला जवान पण उभ्या उभ्या डुलायला लागतो. गार्ड कमांडरला ते दिसतं, पण त्याच्याकडं रजिस्टरमध्ये लिहायला चौथं नावच नसतं. मग तो काय करतो, सुट्ट्या मागं-पुढं करतो. पहिली कात्री सुट्टीवर बसते, आणि सुट्टीवर कात्री बसली की पंधरा वर्षं झालेला हवालदार घरी जायचा विचार करायला लागतो. टंचाईतून अजून टंचाई कशी तयार होते ते हे असं.

आणि हवालदार भरतीतून मिळत नाही हो. इन्फंट्रीच्या एका सेक्शनला दहा माणसं मंजूर असतात आणि त्यांचा कमांडर हवालदार असतो. तो व्हायला आठ-दहा वर्षं, कधी जास्त लागतात. त्यानं एखादा एलओसीचा टेन्युअर काढलेला असतो, बर्फात माणसं सांभाळलेली असतात, नवीन पोरगा कुठं घाबरतो आणि कुठं आगाऊपणा करतो हे त्याला कळत असतं. खरीप चुकलं की त्या वर्षी सोयाबीन परत पेरता येत नाही, तसं ज्या दोन वर्षी भरती झाली नाही त्या दोन वर्षांचे हवालदार पुढं कधीच मिळणार नाहीत, आता कितीही जागा काढल्या तरी.

मग सरकारनं चार वर्षांचं का केलं, हा तुमचा मुद्दा. दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक म्हणजे वय. जवानाचं सरासरी वय ३२ च्या आसपास होतं ते २६ वर आणायचं होतं. ही गोष्ट काही २०२२ ला कुणाला एकदम सुचलेली नाही, कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली होती तिनं पण सांगितलं होतं की सतरा वर्षांची कलर सर्व्हिस, म्हणजे वर्दीतली प्रत्यक्ष नोकरी, कमी करून सात ते दहा वर्षं करा आणि नंतर त्या माणसाला निमलष्करी दलात घ्या. अठरा हजार फुटावर पळायला तरुण छाती लागते, त्यात वाद नाही. दुसरं कारण पेन्शन. २०२५-२६ च्या बजेटमध्ये संरक्षणाला ६.८१ लाख कोटी होते, त्यातले १.६० लाख कोटी नुसत्या पेन्शनला. हत्यारं, विमानं, दारूगोळा सगळं उरलेल्यात बसवायचं.

पण माझं स्पष्ट मत सांगतो. कारगिल समितीनं सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींना धरून होत्या, वर्षं कमी करा आणि पुढची नोकरी पक्की द्या. सात ते दहा वर्षात माणूस पूर्ण तयार होतो, पाच-सहा वर्षं आर्मीला त्याचा फायदा मिळतो आणि मग तो थेट बीएसएफ, सीआरपीएफमध्ये जातो, तिथं पण त्याचं शिक्षण वाया जात नाही. चार वर्षात काय होतं बघा. सहा-सात महिने ट्रेनिंग. मग युनिटला येऊन रुळायला, हत्यारं नीट हाताळायला वर्ष जातं. तिसऱ्या वर्षी पोरगा कामाचा होतो, चौथ्या वर्षी भरवशाचा होतो, आणि तेव्हाच त्याला कळतं की शंभरातले पंचवीसच राहणार. चौथ्या वर्षी त्याचं अर्धं डोकं बाहेरच्या परीक्षांच्या पुस्तकात असणार, आणि त्याला मी दोष देणार नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं. म्हणून मला वाटतं की २५ टक्क्यांचा आकडा वाढायला पाहिजे आणि चार वर्षांची मुदत पण वाढायला पाहिजे. वाढणार अशी चर्चा सारखी कानावर येते, पण चर्चेवर भावाचं भविष्य ठेवू नका, आज नियमात जे आहे ते धरूनच हिशेब करा.

आता पैशाचा हिशेब, कारण अकॅडमीवाले हा कधीच पूर्ण सांगत नाहीत. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५००, चौथ्या वर्षी ४०,०००. ह्यातले ३० टक्के दर महिन्याला सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या फंडात, कापतात, म्हणून हातात येतात अनुक्रमे २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. चार वर्षात तुमच्या भावाचे कापलेले होतात ५ लाख २ हजार २००. तेवढेच सरकार टाकतं. मिळून १० लाख ४ हजारांच्या वर झाले आणि त्यावर व्याज, म्हणून बाहेर पडताना साधारण ११ लाख ७१ हजार असा आकडा सांगतात. तो खरा आहे आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. पण त्यातले अर्धे त्याचेच पगारातले आहेत हे लक्षात असू द्या, सरकारनं अकरा लाख बक्षीस दिलं असं नाही. हातात आलेला पगार चार वर्षांचा धरला तर तो पण ११ लाख ७१ हजार ८०० होतो, आणि युनिटमध्ये खाणं, राहणं, वर्दी ह्याचा खर्च नाही, त्यामुळं शहाणा पोरगा त्यातले निम्मे सहज मागं टाकू शकतो. तीन एकर कोरडवाहूवर एवढी रक्कम चार वर्षात शिल्लक टाकणं आपल्याकडं किती अवघड आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

जे २५ टक्क्यात राहतात त्यांचं गणित वेगळं, त्यांना सेवा निधीतला फक्त स्वतःचा हिस्सा व्याजासकट मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही, पण पुढं किमान पंधरा वर्षांची रेग्युलर नोकरी आणि तिच्या सगळ्या सोयी. मधेच स्वतःहून सोडून यायची मात्र मुभा नाही, फारच अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळाली तर मिळाली, आणि तेव्हा पण फक्त स्वतःचा हिस्सा.

काय मिळत नाही ते पण स्पष्ट सांगतो. महागाई भत्ता नाही, मिलिटरी सर्व्हिस पे नाही जो रेग्युलर जवानाला महिन्याला ५,२०० असतो. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची सोय नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. वर्षाला सुट्टी ३० दिवस, रेग्युलरला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल. चार वर्षात लग्न करायचं नाही. आपल्याकडं पोरगा नोकरीला लागला की आजी-आजोबांच्या डोळ्यादेखत उरकून घ्या म्हणून घाई होते, तर ती घाई घरच्यांनी आवरायची, त्यात पोराची नोकरी जाईल.

आणि एक विषय असा आहे की जो कुणी काढत नाही पण मी काढणार, कारण मी तिरंग्यातली पेटी गावात आणायच्या ड्युटीवर गेलेलो माणूस आहे. अग्निवीरचा विमा ४८ लाखांचा आहे आणि त्याचा हप्ता त्याच्याकडून घेत नाहीत. ड्युटीमुळं मृत्यू झाला तर त्यावर ४४ लाख सानुग्रह, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी. अपंगत्व आलं तर टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख. आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला ड्युटीवर असताना गेला, तेव्हा हे सगळे आकडे लोकांच्या बोलण्यात आले. एकरकमी रक्कम मोठी आहे. पण रेग्युलर जवान लढाईत गेला तर त्याच्या घरच्यांना जन्मभर फॅमिली पेन्शन मिळते, ती अग्निवीरच्या घरी नाही. बर्फ दोघांना सारखाच आहे, गोळी पण सारखीच आहे, मग आईला महिन्याला मिळणारे पैसे वेगळे का, हे मला पटत नाही आणि मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलतो. तुम्ही हा भाग भावाला आणि आईवडिलांना दोघांनाही समोर बसवून सांगा.

टिकवण्यासाठी काय लागतं ह्याबद्दल लोकांना वाटतं की भत्ता वाढवला की माणूस थांबतो. थोडं खरं आहे. सियाचीनचा भत्ता २०१७ ला जवानाला महिना १४,००० वरून ३०,००० केला, तेव्हा फरक पडला, पोरं नाव द्यायला पुढं आली. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांनी जी एमएसीपीची, म्हणजे प्रमोशन नसलं तरी मिळणारी, पगारवाढ मिळते तिच्यामुळं प्रमोशन अडकलेल्या माणसाची नाराजी कमी होते. पण सगळ्यात मोठी गाठ पेन्शनची आहे. पंधरा वर्षं झाली की पेन्शन पक्की, म्हणून पंधराच्या आत कुणी हलत नाही, आणि पंधरा पूर्ण झाली की अर्ज यायला लागतात. असे अर्ज घेऊन आलेले हवालदार माझ्यासमोर कितीतरी बसले. पैसे कमी पडतात म्हणून जातो असं म्हणणारे फार थोडे. पोरगी दहावीला आहे आणि चौथ्यांदा शाळा बदलायलीय. क्वार्टरची वेटिंग लिस्ट दीड वर्षाची आहे. वडलांना लकवा मारलाय आणि चुलत्यानं बांध कोरलाय. आईच्या ऑपरेशनला सुट्टी मागितली होती आणि मिळाली तेव्हा ऑपरेशन होऊन टाके पण निघाले होते. त्याला महिन्याला दोन हजार वाढवून दिले तरी तो थांबत नसतो, त्याला वेळेवर वीस दिवस सुट्टी आणि पोरीच्या दहावीपर्यंत एका ठिकाणी पोस्टिंग दिली तर थांबतो. ज्या कंपनी कमांडरांनी सुट्टीचा रोस्टर सहा महिने आधी लावला आणि पाळला त्यांच्या कंपनीतून अर्ज कमी यायचे, हे मी डोळ्यानं बघितलंय. सुट्टीला बजेटमधून वेगळा एक रुपया लागत नाही, पण सुट्टी द्यायला मागं माणूस शिल्लक लागतो, आणि मग गोष्ट परत त्या गार्डच्या चौथ्या नावावर येते.

बरं, आता तुमच्या भावाचं. सगळ्यात आधी वयाचं गणित मांडा, कारण निर्णय त्याच्यावरच होणार आहे. अग्निवीरची सुरुवात साडेसतरा वर्षापासून आहे आणि योजना आली तेव्हा वरची मर्यादा २१ होती, फक्त पहिल्या वर्षी ती २३ केली होती. म्हणजे त्याच्याकडं वेळ कमी आहे, एखाद-दोन भरत्यांचा खेळ आहे. महाराष्ट्र पोलिस शिपाईला खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागासवर्गाला ३३ पर्यंत वय चालतं. म्हणून आर्मी का पोलिस असं भांडण लावूच नका, आधी आर्मी आणि मागोमाग पोलिस असा क्रम लावा. चार वर्षं करून २३-२४ ला बाहेर आला तरी पोलिसचं वय शिल्लक राहतं, शिस्त लागलेली असते, पळायची सवय असते, खिशात दहा-अकरा लाख असतात. उलटं केलं, आधी पोलिसच्या मागं दोन वर्षं घालवली आणि मग आर्मी म्हटलं, तर दरवाजा बंद झालेला असेल. सोळाशे मीटर दोन्हीकडं आहे, त्यामुळं आजची त्याची पहाटेची मेहनत कुठंच वाया जात नाही.

बाहेर पडल्यावर काय, ते पण सांगतो. केंद्रीय पोलिस दलात आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांना १० टक्के जागा राखीव जाहीर झाल्या, पहिल्या बॅचला पाच वर्षं आणि पुढच्यांना तीन वर्षं वयात सूट, बीएसएफ-सीआयएसएफच्या नियमात फिजिकल टेस्टमधून पण सूट. २०२५ च्या शेवटी बीएसएफच्या शिपाई भरतीत हा वाटा ५० टक्के केला, ही मोठी गोष्ट आहे आणि माझ्या मते कारगिल समितीनं सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीकडं टाकलेलं पहिलं खरं पाऊल आहे. कोस्ट गार्ड, संरक्षण खात्यातल्या सिव्हिलियन जागा आणि संरक्षण खात्याच्या सरकारी कंपन्यांत पण १० टक्के जाहीर केलेत. उत्तर प्रदेशनं पोलिस शिपाईत २० टक्के केलेत. पण राखीव जागा म्हणजे ऑर्डर नव्हे, तिथं पण परीक्षा असते आणि कॉम्पिटिशन अग्निवीराची अग्निवीराशीच असते. पहिली बॅच २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला आत गेली, म्हणजे चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून भरायला लागतात, ती पोरं बाहेर आल्यावर कुणाला किती दिवसात काय मिळतंय ते आपल्याच गावात दिसेल, तेव्हा आसपासच्या अशा पोरांना गाठून विचारा, अकॅडमीच्या बॅनरला विचारू नका.

बारावी सायन्स आहे तर एक गोष्ट नक्की करा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी घेऊन एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० असतील तर टेक्निकलला बसतो. आपल्याकडची पोरं सगळी डोळे झाकून जीडीला, म्हणजे जनरल ड्युटीला, जातात, कारण तालुक्याचा सर तेवढंच शिकवतो. मी स्वतः इन्फंट्रीवाला आहे, जीडीला कमी लेखणार नाही, पण चार वर्षांनी बाहेर यायची शक्यता चारात तीन असताना हातात काहीतरी कसब असलेलं बरं. गाडी दुरुस्ती, इलेक्ट्रिकल, रेडिओ सेट हे शिकलेला पोरगा वाळूज किंवा चाकणच्या एमआयडीसीत काही ना काही करू शकतो. आयटीआय किंवा डिप्लोमा असला तर टेक्निकलला बोनस मार्क पण आहेत. आता अर्ज करताना दोन कॅटेगरी भरता येतात, तर टेक्निकल आणि जीडी दोन्ही भरा.

तयारीबद्दल थोडक्यात. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग ग्राउंड असं उलटं झालंय, आणि लेखी आता मराठीत पण देता येते, तरी आपली पोरं अजून बी आठ महिने नुसती पळतात आणि लेखीला पंधरा दिवस देतात. लेखी निघाली नाही तर ग्राउंडचं तोंड पण बघायला मिळत नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटाच्या आत आलं तर ६० मार्क, दहा बीम (पुल-अप) मारल्या तर ४०, ह्या शंभराला पर्याय नाही. डांबरी रोडवर रोज पळवू नका, नडगी दुखायला लागते आणि ऐन रॅलीच्या वेळी पोरगं लंगडतं, मातीचं मैदान किंवा रान धरा. मेडिकल मात्र लोक पूर्ण विसरतात. कानात मळ, सपाट पाय, गुडघ्याला गुडघा लागणं, रंग ओळखता न येणं, व्हेरिकोसील, आणि दात, दाताचे १४ पॉइंट भरावे लागतात आणि गुटख्यानं आपल्याकडं वीस वर्षाच्या पोरांच्या दाढा गेलेल्या असतात. वर्षभर मेहनत केलेला पोरगा मेडिकलला कानातल्या मळावरून थांबलेला मी बघितलाय. म्हणून अर्ज भरायच्या आधी सरकारी दवाखान्यात कान, दात, डोळे एकदा दाखवून घ्या, जे बरं होण्यासारखं आहे ते तेव्हाच बरं करून घ्या. अंगावर टॅटू काढू देऊ नका.

पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. दोन लाख द्या, मेडिकल पास करतो, असं म्हणणारा एखादा तरी प्रत्येक रॅलीला गावात फिरतो आणि त्याचा धंदा सोपा आहे, दहा पोरांकडून पैसे घ्यायचे, त्यातली तीन पोरं स्वतःच्या हिमतीवर लागतात, त्यांचे ठेवून घ्यायचे आणि बाकीच्यांना पुढच्या वेळी म्हणायचं. अकॅडमीच्या फीसाठी जमीन गहाण ठेवू नका. तुमच्या तालुक्यात कुणीतरी पेन्शनवर आलेला फौजी असेलच, त्याला जाऊन भेटा, बहुतेक जण पोरांना फुकट ग्राउंड दाखवतात.

२५ टक्क्यात यायचं असेल तर तयारी युनिटला गेल्या दिवसापासून करायची, चौथ्या वर्षी नाही. फायरिंग, बीपीईटी ह्या फिजिकल टेस्टची रायफल आणि पॅक घेऊन पाच किलोमीटरची दौड, हत्यारांचं ज्ञान, शिस्त, सगळं लिहिलं जातं. पहिल्या वर्षी मोबाईलवरून एक रेड एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल नोंद, लागली की ती शेवटपर्यंत सोबत राहते. दहावीवर गेलेल्याला आत बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे, तुमचा भाऊ बारावी आहेच, तर त्यानं पहिल्याच वर्षी मुक्त विद्यापीठातून बीएला नाव टाकून ठेवावं म्हणजे बाहेर येईपर्यंत पदवी हातात असेल आणि पीएसआयला पण बसता येईल.

राहिले कागद. लातूर, बीड, धाराशिववाल्यांना पुण्याचं भरती ऑफिस लागतं, परभणी, हिंगोली, नांदेड, जालना हे छत्रपती संभाजीनगरला, अर्ज भरताना जिल्हा चुकवू नका. दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि डोमिसाईलवर नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख अक्षराला अक्षर जुळली पाहिजे, कुठं काना-मात्रा मागंपुढं असेल तर आत्ताच तहसीलला चकरा मारून दुरुस्त करून घ्या, रॅलीच्या दिवशी कुणी ऐकून घेत नाही. सरपंचाचं चारित्र्य सर्टिफिकेट आणि फोटो लावलेलं अविवाहित असल्याचं सर्टिफिकेट सहा महिन्याच्या आतलंच चालतं, म्हणून ते फार आधी काढून ठेवू नका. एनसीसीचं सी सर्टिफिकेट असेल तर त्याचे बोनस मार्क आहेत, खेळाचं राज्य किंवा राष्ट्रीय पातळीचं असेल तर त्याची ओरिजिनल कॉपी जपा. सेवा निधी मिळेल तेव्हा त्यातून बुलेट आणि मोठं लग्न असं काही घरात आत्तापासून ठरत असेल तर तुम्ही थोरले म्हणून ते तिथंच थांबवा, ते पैसे त्याच्या नावावर बँकेत राहू द्या, निदान त्याला दुसरी नोकरी लागेपर्यंत तरी.